वरचं पाणी

ताल्लिनच्या या नऊमजली इमारतीत
गेन्नादी राहतो पाचव्यावर, मी चौथ्यावर.
त्याची जमीन ती माझं छत,
एवढाच आमचा शेजार.

चौऱ्याण्णव साली तो पहिल्यांदा माझ्याकडे आला,
म्हणजे त्याचं पाणी आलं,
स्वयंपाकघरातल्या दिव्यातून, उकळत्या बटाट्यांवर.
मी झाडूच्या दांड्यानं छत बडवलं.
वर काही हाललं नाही.

दुसऱ्यांदा मी गावी होते, बेटावर, आईच्या दफनाला.
परतले तर भिंतीचा कागद कातीसारखा सोललेला,
लाकडी फरशी उपड्या होडीसारखी फुगलेली,
आणि माझे शिवणाचे कागदी नमुने,
चाळीस वर्षांचे,
एकमेकांना चिकटून त्यांचा जाड पाव झालेला.
विमावाल्यानं विचारलं, किंमत किती?
म्हटलं, मापं गेली. किंमत तुम्हीच लिहा.

तेव्हापासून मी त्याला पाण्यात पाहत आले.
तक्रारी संस्थेच्या पेटीत टाकल्या.
भरपाई यायची पाकिटात,
नोटा इस्त्री केल्यासारख्या, वर अक्षर नाही.
जिन्यात भेटला की तो टोपी काढायचा, बोलायचा नाही.
मी म्हणायची, गुर्मी बघा.

मग काद्रीनं, माझ्या भाचीनं, चार चकत्या आणल्या,
पांढऱ्या, बिस्किटाएवढ्या.
पोटाखाली दोन धातूचे दाणे.
दोन्हींना एकच थेंब शिवला की तिला कंठ फुटतो.
एक सिंकखाली, एक धुलाईयंत्रामागे, एक न्हाणीघरात.
चौथी मी कपाटाच्या टपावर ठेवली, बशीत,
छतावरच्या जुन्या डागाच्या बरोबर खाली.
काद्री हसली. पाणी जमिनीवर शोधतात, मावशी.
म्हटलं, ते तुमच्याकडे.

फेब्रुवारी. रात्रीचे सव्वातीन.
कपाटावरची किंचाळली.
बशीत जेमतेम चमचाभर पाणी.
नाइटगाउनवर कोट चढवून मी जिना चढले,
तीस वर्षांत पहिल्यांदा,
तोंडात शिव्यांची नीट रांग लावून.

बेल दाबली. आवाज आलाच नाही.
दाराच्या फटीत मात्र काहीतरी लखलखलं.
पुन्हा दाबली. पुन्हा लखलखलं.
बेलच्या जागी त्यानं दिवा लावला होता.

दार उघडलं तो पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमध्ये,
अनवाणी, घोट्यापर्यंत पाण्यात,
मागे फाटलेला पाइप फवारे उडवतोय.
माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
मग कानाला बोट लावून मान हलवली.
भिजक्या वहीत रशियनमध्ये लिहिलं:
गोदी. रिव्हेटचा हातोडा. एकाहत्तर सालापासून.

शिव्या तोंडातच राहिल्या.
तीस वर्षं मी झाडूनं बडवत होते
ते कुणासाठी?

कॉक मीच बंद केला, गंजला होता, दोघांचा जोर लागला.
सहापर्यंत आम्ही पिळत बसलो,
टॉवेल, चादरी, त्याचा एकुलता एक गालिचा.
कुणी काही लिहिलं नाही.

दुपारी माझ्या सिंकखालची चकती घेऊन वर गेले,
त्याच्या पाइपाशी ठेवली.
तो हसायला लागला, दोन्ही कान दाखवले.
मी खाली बोट दाखवलं,
मग स्वतःच्या कानाकडे.
जरा वेळ लागला त्याला.
मग त्यानं खिळ्यावरची जादा किल्ली काढली.

आता त्याच्या घरात ओरडलं की जाग मला येते.
गेल्या महिन्यात दोनदा आली.
एकदा खरंच नळ चालू राहिला होता.
दुसऱ्यांदा धावत गेले तर
बीटचं सूप सांडलेलं, लाल, थेट चकतीवर,
आणि तो शांतपणे पाव कापतोय.

पुसून झाल्यावर उरलेलं त्यानं मला वाढलं.
मीठ कमी होतं.
वहीत लिहून दिलं.